अर्धवट गेम विकत घेताना: कर्बल स्पेस प्रोग्रॅम २ आणि वॅलहाइम

अर्ली ॲक्सेसमधला, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विकायला ठेवलेला, एखादा गेम मनात भरलाय, पण त्याच्या चर्चेत सगळे डेव्हलपरवर चिडलेले दिसतात. अशा वेळी घ्यावा की थांबावं? मला वाटतं, रॉकेट बांधून उडवायचा कर्बल स्पेस प्रोग्रॅम २ (पुढे नुसतं कर्बल २) आणि व्हायकिंगांच्या जगात तळ बांधून तगून राहायचा वॅलहाइम हे दोन गेम शेजारी ठेवून पाहिले तर बराच उलगडा होतो. दोन्हीकडे रोडमॅप, म्हणजे पुढे काय काय येणार याचं जाहीर वेळापत्रक, कोलमडला, दोन्हीकडे लोक भडकले. पुढे मात्र दोघांचं अगदी वेगळं झालं.

कर्बल २ची घोषणा ऑगस्ट २०१९मध्ये झाली आणि तेव्हा तो २०२०मध्ये येणार होता. मधे स्टुडिओ बदलला, तारखा पुढे गेल्या आणि २४ फेब्रुवारी २०२३ला गेम अर्ली ॲक्सेसमध्ये आला. किंमत ४९.९९ डॉलर. रोडमॅपवर सायन्स, वसाहती, दुसऱ्या ताऱ्यांपर्यंतचा प्रवास, मल्टिप्लेअर असं सगळं होतं. हातात आला तो मात्र चांगल्या ग्राफिक्स कार्डावरही अडखळणारा गेम. लांब रॉकेट उभं केलं की ते शेवईसारखं लवलवायचं.

पहिला कर्बल खेळलेल्यांना एक गोष्ट फार लागली. वातावरणात परत शिरताना यान तापतं, हीट शील्ड (उष्णतेपासून वाचवणारं कवच) नीट बसवलं नसेल तर जळून खाक होतं, आणि दोन-तीन यानं अशी घालवल्यावरच माणूस शिकतो. कर्बल २मध्ये सुरुवातीचे जवळपास दहा महिने ही उष्णताच नव्हती. कितीही वेगाने खाली या, यानाला काही होत नसे. डिसेंबर २०२३च्या ‘फॉर सायन्स’ अपडेटमध्ये ती आली.

आता संवादाचं पाहा. हे लोक गप्प नव्हते. क्रिएटिव्ह डायरेक्टरच्या लांबलचक पोस्ट येत होत्या, व्हिडिओ येत होते, प्रश्नोत्तरं होत होती. रॉकेट का लवलवतं हेही ते समजावून सांगायचे. वाचायला छान वाटायचं, पण खेळायला बसलं की रॉकेट तसंच. ‘फॉर सायन्स’ खरोखर चांगलं निघालं, लोकांचा सूरही बदलला, आणि सगळे वसाहतींची वाट पाहू लागले. एप्रिल २०२४च्या अखेरीस अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या नोकरकपातीच्या सरकारी नोटिशीत सिएटलमधली ७० पदं जाणार असल्याचं दिसलं, आणि कर्बल २चा स्टुडिओ तिथलाच. खेळाडूंना हे कळलं ते तिथून आणि बातम्यांमधून. गेमच्या अधिकृत खात्यावर आलं ते एवढंच, की काम चालू आहे, जमेल तेव्हा आणखी सांगू. वसाहती आल्याच नाहीत. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात विक्री मात्र चालूच राहिली, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

वॅलहाइम २ फेब्रुवारी २०२१ला आला. स्वीडनमधली पाच माणसांची टीम, किंमत १९.९९ डॉलर. महिन्याभरात ५० लाख प्रती खपल्या. त्या वर्षासाठी चार मोठ्या अपडेटचा रोडमॅप होता. जूनमध्ये त्यांनी स्वतःच सांगितलं की हे जमणार नाही. एवढे लोक आल्यावर बग निस्तरण्यातच वेळ गेला, त्यामुळे आधी ‘हार्थ अँड होम’, बाकीचं नंतर. लोक चिडले. एवढा पैसा मिळाला, मग माणसं का घेत नाही, हा प्रश्न तेव्हा सगळीकडे होता आणि तो अगदीच गैरवाजवी नव्हता. ‘हार्थ अँड होम’ सप्टेंबर २०२१मध्ये आलं, ‘मिस्टलँड्स’ थेट डिसेंबर २०२२मध्ये, ‘ॲशलँड्स’ मे २०२४मध्ये. वेग कासवाचा, बोलणं मोजकंच. पण पहिल्या दिवशीच गेममध्ये पाच बॉस (हरवायचे मोठे शत्रू) होते आणि दहा जणांना एकत्र खेळता येत होतं. अपडेट आलंच नसतं तरी पैसे वसूल झाले होते.

डेव्हलपर किती बोलतात यावरून म्हणूनच काही ठरवू नका. मी स्वतः एका छोट्या गेमच्या बाबतीत हे भोगलंय. सेव्ह फाइल खराब होते म्हणून तक्रार केली, दहा मिनिटांत अंगठ्याचा इमोजी आला, ‘टीमला कळवलंय’ असं उत्तर आलं. चार महिन्यांत मी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा तेच गोड उत्तर मिळालं. एकोणचाळीस तास खपून गेममध्ये बांधलेला तळ गेला तो गेलाच.

घेण्याआधी स्टीमच्या पानावरच्या बातम्या उघडा आणि फक्त पॅचच्या, म्हणजे दुरुस्त्यांच्या अपडेटच्या, तारखा वाचत मागे जा. मधल्या मुलाखती, ट्रेलर, कलाकारांची चित्रं सोडून द्या. पॅचमधलं अंतर वाढत चाललं असेल तर थांबा. मग रोडमॅप चुकला तेव्हा ते कोणी सांगितलं, त्यांनी की दुसऱ्या कोणी, हे शोधा. बऱ्याच काळात अपडेट न आलेल्या अर्ली ॲक्सेस गेमवर स्टीम २०२५पासून तशी सूचना दाखवतं, ती नजरेआड करू नका. परताव्यासाठी खरेदीपासून १४ दिवस आणि दोन तासांपेक्षा कमी खेळ अशी अट आहे. रॉकेट किंवा तळ बांधायच्या गेममध्ये हे दोन तास बटणं शिकण्यातच जातात, म्हणून घड्याळ लावून बसा.

संवाद कसा असावा हे बघायचं असेल तर प्रागच्या टीमचा कारखाने उभारायचा गेम ‘फॅक्टोरियो’ बघा. २०१३पासून शुक्रवारी लेख, त्यात काय बांधलं आणि काय फसलं याचा तपशील, आणि १४ ऑगस्ट २०२०ला पूर्ण आवृत्ती, तीही आधी सांगितलेल्या तारखेच्या महिन्याहून जास्त अलीकडे.

चार मित्र जमत असतील तर वॅलहाइम बिनधास्त घ्या, पुढच्या अपडेटची तारीख मात्र विचारत बसू नका. कर्बल २ कितीही सवलतीत दिसला तरी घेऊ नका. रॉकेटच उडवायची असतील तर पहिला कर्बल आहे. तोही २०११पासून लोकांसमोरच वाढला, २०१५मध्ये पूर्ण झाला, आणि त्यात हीट शील्ड विसरलात तर यान जळतं.