एसक्यूएलअल्केमी २.०: काही महिने वापरल्यावर, मुख्यतः न झालेल्या कमिटबद्दल

पायथॉनमधून डेटाबेसशी बोलणाऱ्या या लायब्ररीची २.० जानेवारी २०२३ मध्ये आली, तेव्हापासून तिच्या फीचर्सवर भरपूर लिहून झालंय. ते पुन्हा उगाळत नाही. हा अनुभव १.४ वरून आणलेल्या चालू कोडचा आहे: मशीद बंदरच्या घाऊक व्यापाऱ्यांचं बिलिंग आणि स्टॉक, मागे पोस्टग्रेस डेटाबेस, आणि रात्री क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट.

मोठी तक्रार आधी. १.४ मध्ये कनेक्शनवर थेट इन्सर्ट किंवा अपडेट चालवलं की लायब्ररी स्वतःच कमिट करायची, म्हणजे बदल कायमचा नोंदवायची. २.० मध्ये ते बंद. कमिट लिहिला नसेल तर कनेक्शन बंद होताना रोलबॅक होतो, म्हणजे बदल रद्द होतो, आणि एरर काहीच येत नाही. स्क्रिप्ट सुरळीत संपते, एक्झिट कोड शून्य, आणि सकाळी काउंटरवर कालचेच भाव. डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्पष्ट लिहिलंय, मान्य. पण आत्ताच केलेलं इन्सर्ट फेकून देताना एक वॉर्निंग तरी छापायला हवी होती.

चीड येते ती याची की ढिसाळ कोड यातून वाचतो. इंजिनवर थेट एक्झिक्यूट केलेलं असेल तर लगेच ॲट्रिब्यूट एरर येतो, तो सुधारावाच लागतो. नीट कनेक्शन उघडून लिहिलेला कोड मात्र बिनबोभाट फसतो. त्यात एसक्यूएल नुसत्या स्ट्रिंगमध्ये असेल तर एरर येतो खरा, पण ती स्ट्रिंग लायब्ररीच्या टेक्स्ट फंक्शनमध्ये गुंडाळली की तो जातो, काम झालंसं वाटतं, आणि कमिट राहून जातो. टेस्टमध्येही सापडत नाही, कारण त्याच कनेक्शनवर पुढे सिलेक्ट केलं तर नवी ओळ दिसते.

पकडायचं कसं? इंजिनला एको ट्रू द्या, म्हणजे प्रत्येक स्टेटमेंट लॉगमध्ये छापलं जाईल, आणि लॉग बघा. इन्सर्टच्या खाली कमिटऐवजी रोलबॅक दिसला की जागा सापडली. दुसरी खूण टेबलातच असते: पोस्टग्रेसचा सीक्वेन्स (आयडी देणारा काउंटर) रोलबॅकनंतर मागे येत नाही, त्यामुळे ४१२० नंतर एकदम ४१६५ असा आयडी दिसतो. लिहिणाऱ्या स्क्रिप्टमध्ये कनेक्टऐवजी इंजिनचा बिगिन वापरा. ब्लॉक नीट संपला तर कमिट, मध्ये एक्सेप्शन आलं तर रोलबॅक.

हे सगळं १.४ वर असतानाच उरकावं. शेवटच्या १.४ वर या, २.० च्या वॉर्निंगचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करा आणि प्रत्येक स्क्रिप्ट एकदा हाताने चालवा. वॉर्निंग ती ओळ चालली तरच येते, म्हणून महिनाअखेरची आणि मार्चअखेरचीसुद्धा चालवा. नेमक्या त्याच राहतात.

एका बाबतीत मत बदललं. सेशनवर जुन्या क्वेरी पद्धतीने लिहिलेला सगळा कोड नव्या सिलेक्टमध्ये बदलायलाच हवा, असं आधी वाटत होतं. तशी गरज नाही. जुनी पद्धत लेगसी म्हणून २.० मध्येही चालते, त्यामुळे चालत्या कोडवर माणसांचे दिवस खर्च करणं म्हणजे पैसे पाण्यात. नवा कोड तेवढा सिलेक्टने लिहा. त्यात स्केलर्स विसरलात तर ऑब्जेक्टऐवजी रो हातात येते. जॉइन्ड लोडने, म्हणजे जॉइन करून, संबंधित ओळींचं कलेक्शन सोबतच आणलं तर निकालावर युनिक लावावं लागतं, पण ते एरर मेसेजच सांगतो.

मॅप्ड टाइपकडे, म्हणजे क्लासमध्ये कॉलमचा टाइप लिहायच्या नव्या पद्धतीकडे, मात्र लक्ष ठेवा. नव्या मॅप्ड कॉलममध्ये नुसतं स्ट्रिंग लिहिलं की कॉलम नॉट नल (रिकामा न चालणारा) धरला जातो, जुन्या कॉलममध्ये नल चालायचं. रिकाम्या जीएसटी क्रमांकांचे ग्राहक असतील तर तिथे ऑप्शनल लिहा. टेबलांची रचना बदलणाऱ्या अलेम्बिकने बनवलेलं मायग्रेशन न वाचता चालवू नका.

मनापासून आवडलं ते इन्सर्ट. रिटर्निंगसह (म्हणजे नव्या ओळींचे आयडी वगैरे परत मागणारे) मोठे इन्सर्ट आता एका स्टेटमेंटमध्ये, डीफॉल्टने १००० ओळींपर्यंत, एकत्र जातात. भावांची यादी चढवताना फरक चांगलाच जाणवतो. मायएसक्यूएलमध्ये रिटर्निंगच नाही, त्यामुळे तिथे हा फायदा मिळत नाही.

रिपोर्टसाठी पांडाज ही डेटा-विश्लेषणाची लायब्ररी वापरत असाल तर आधी पांडाज २.० किंवा पुढचं करा. पांडाज १.५ एसक्यूएलअल्केमी २.० वर चालत नाही. ते जमत नसेल तर रिपोर्टचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट वेगळं काढा आणि तिथे एसक्यूएलअल्केमी १.४ च राहू द्या.