डब्यावर सगळं छापलंय, नंबर सोडून: साडेपाचशेचा वायफाय डोंगल, आठ महिन्यांनंतर

स्पीड, अँटेना, रेंज यांत वेळ घालवत नाही, ते डब्यावर मोठ्या टायपात आहेच. माझं भांडण डब्यावर जे नाही त्याच्याशी आहे.

नोव्हेंबरात लॅमिंग्टन रोडवरून हा डोंगल घेतला. दुकानदार सातशे म्हणाला, मी पायरी उतरलो तेव्हा साडेपाचशे झाले. लॅपटॉप नऊ वर्षांचा, आतलं वायफाय कार्ड मेलेलं, त्यावर लिनक्स. चार सोसायट्यांचे हिशेब लिहितो, तेवढ्यासाठी विंडोजचे पैसे भरायची इच्छा नाही. डोंगल खुपसला आणि लागला. ड्रायव्हर (वस्तू चालवणारा प्रोग्राम) शोधणं नाही, सीडी नाही. तेव्हाच लिहिलं असतं तर डोळे मिटून पाचपैकी पाच दिले असते.

एप्रिलमध्ये भाचीसाठी दुसरा घेतला. तेच दुकान, तोच डबा, तेच मॉडेल, फक्त किंमत सहाशे, आणि या वेळी पायरी उतरून उपयोग झाला नाही. तिच्या लॅपटॉपवर लिनक्स मीच घातलेलं, म्हणजे जबाबदारी माझी. खुपसला. दिवा नाही, नेटवर्क नाही. माझ्या लॅपटॉपवर लावला, तिथेही ढिम्म. "मामा, फुकटचं आहे म्हणून असं करतं का रे हे?"

कस्टमर केअरला फोन लावला. अकरा मिनिटं गाणं ऐकवून पलीकडची बाई म्हणाली, "सर, विंडोजमध्ये चालतोय ना, मग प्रॉडक्टमध्ये फॉल्ट नाही." दुकानदार म्हणाला, "सेम आहे साहेब, डबा बघा ना." या दोघांना मी घरी येऊन काय काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. कारण दुकानदाराचं निम्मं म्हणणं पुढे खरं निघालं.

रात्री दोन्ही डोंगल शेजारी शेजारी लावले आणि टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, 'एलएसयूएसबी' मारलं. यूएसबीवर जे जे लागलंय त्याची यादी येते. प्रत्येक ओळीत चार-चार घरांचे दोन आकडे, मध्ये कोलन. पहिला कंपनीचा, दुसरा वस्तूचा. हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळा अंकांच्या पद्धतीत असतात, म्हणून आकड्यांत ए ते एफ ही अक्षरंही घुसलेली. सगळ्यात वर '१डी६बी' दिसतं, तो लिनक्स फाउंडेशनचा नंबर, मशीनच्या आतल्या रूट हबला, म्हणजे सगळी यूएसबी जिथून फुटते त्या मूळ जोडणीला दिलेला. इंटेलने तर पीसीआयसाठी, म्हणजे मशीनच्या आतल्या कार्डांच्या अशाच नंबरांत, स्वतःला ८०८६ घेतलाय, १९७८ च्या आपल्याच चिपचा नंबर. गाडीला फॅन्सी नंबर घेतात तसं.

माझ्या दोन डोंगलांचे नंबर वेगळे. पहिल्यावर चिप बनवणाऱ्याचा नंबर, दुसऱ्यावर डबेवाल्या कंपनीचा स्वतःचा. (इथे देत नाही, रिफंडची तक्रार चालू आहे.) कंपनीचा नंबर फुकट मिळत नाही, यूएसबीवाल्यांच्या संस्थेला त्यासाठी हजारो डॉलर मोजावे लागतात. साडेपाचशेचे सहाशे का झाले याचा मला तरी उलगडा झाला.

मग नखाने प्लॅस्टिकचं टोपण उचकटलं. दोन्हीत चिप तीच, वर छापलेलं अक्षर न् अक्षर तेच. म्हणजे वस्तू सेम, नंबर बदललेला. आणि लिनक्सचा ड्रायव्हर बघतो नंबर.

इथपर्यंत मी लिनक्सवर चिडलेलो होतो. चिप ओळखीची आहे तर घे ना आत! म्हणून ड्रायव्हरची सोर्स फाइल, म्हणजे त्याचा मूळ लिहिलेला मजकूर, उघडली. प्रोग्रामिंग मला येत नाही, पण खतावणी वाचता येते, आणि ती फाइल निम्मी खतावणीच आहे. ओळीमागून ओळ, प्रत्येकीत दोन आकडे, शेजारी कॉमेंटमध्ये कुठल्या तरी कंपनीचं नाव. ते नाव आपल्यासारख्यांसाठी, मशीन त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. तसं डोंगलला स्वतःचं नाव सांगताही येतं, पण माझे दोन्ही 'डब्ल्यूलॅन अडॅप्टर' एवढंच सांगतात. बाबांच्या मिलमध्ये एका खात्यात तीन तुकाराम होते. पगार तिकीट नंबरावर व्हायचा म्हणून योग्य तुकारामाच्या घरी पोचायचा. लिनक्सवरचा राग तिथे संपला.

नाद लागला आणि पुढचे दोन रविवार त्यातच गेले. प्रोग्रामने सिस्टिमकडे काही मागायचं तर तेही नंबरानेच: ६४ बिटच्या इंटेल-एएमडी मशीनवर फाइल वाचणं म्हणजे ०, लिहिणं म्हणजे १. जुन्या ३२ बिटवर तेच ३ आणि ४. एखादं काम बंद झालं तरी त्याचा नंबर दुसऱ्याला देत नाहीत, चाळीतली खोली कुलूप लावून ठेवावी तशी जागा रिकामी राहते. आपल्याकडे लॅमिंग्टन रोडचा डॉ. भडकमकर मार्ग झाला तरी टॅक्सीवाल्याला सांगायचं लॅमिंग्टन रोडच.

रीबूटचं तर भलतंच आहे. चुकून कोणी मशीन बंद पाडू नये म्हणून सिस्टिमला आधी दोन ठरलेले आकडे द्यावे लागतात. पहिला 'एफईई१डीईएडी', त्यातला १ एल समजून वाचा: फील डेड. दुसरा ६७२२७४७९३. हा दिसतो रद्दीतला, पण हेक्समध्ये मांडला की २८१२१९६९ होतो, म्हणजे २८ डिसेंबर १९६९, लिनक्सचा जन्मदाता लिनस टोरवाल्ड्सचा जन्मदिवस. आपण वाढदिवसाचा पासवर्ड ठेवला की लोक हसतात.

असो, डोंगल. ड्रायव्हर चालू असताना त्याच्या 'न्यू_आयडी' नावाच्या फाइलमध्ये नवा नंबर लिहिला की तो यादीत नसलेली वस्तूही घेतो. नुसता नंबर लिहून माझ्याकडे दिवा लागला, नेटवर्क दिसेना. नव्या नंबरामागे शून्य लिहून जुन्या, ओळखीच्या डोंगलचा नंबर जोडायचा होता, की हा त्याच्याच जातीचा समजा. पहिला डोंगल दुसऱ्याला जामीन राहिला आणि चार सेकंदांत वायफाय आलं. रात्रीचे पावणेदोन. भाचीला फोटो पाठवला, तिने सकाळी अंगठा पाठवला.

पण रीबूट केलं की जामीन रद्द. आठवडाभर ती रोज फोन करायची, "मामा, ती ओळ परत सांग." शेवटी यूडेव्हमध्ये (वस्तू लागली की काय करायचं ते बघणारा लिनक्सचा भाग) नियम लिहिला, आता डोंगल लावला की ते आपोआप होतं. सहाशे रुपयांच्या वस्तूसाठी एवढं करायचं असेल तर मजुरी कोणाकडे मागायची?

पावसाळ्यातली भर: जूनमध्ये माझा जुना डोंगल अधूनमधून गायब व्हायला लागला. लॉगमध्ये 'एरर −७१'. हाही नंबरच, लिनक्समध्ये ७१ म्हणजे प्रोटोकॉलची चूक, समोरचा बोलतोय ते धड कळत नाही असं. दोष डोंगलचा नव्हता, एका यूएसबीच्या चार करणाऱ्या स्वस्तातल्या हबचा होता. सरळ लॅपटॉपला लावल्यापासून बंद झालं. म्हणून त्याचा कापलेला अर्धा तारा परत देतो.

राहता राहिला तो नंबर. डब्यावर सहा भाषांत 'थँक यू' आहे, झाडाचं चित्र आहे, बुडाशी तांदळाच्या दाण्याएवढं 'व्ही२' आहे. चार अधिक चार अशा आठ अक्षरांना जागा नाही. ती असती तर दुकानातच मोबाइलवर शोधून मी डबा परत ठेवला असता. कदाचित म्हणूनच नसतील.

परवा सोसायटीच्या ऑफिससाठी तिसरा घ्यायला गेलो तो लॅपटॉप पिशवीत घेऊनच. म्हटलं, आधी लावून बघणार, मग पैसे. दुकानदाराने तीन डबे फोडून दिले, तिसऱ्यात जुना नंबर निघाला. "यावर काय लिहिलंय जे डब्यावर नाही?" म्हणत तोही स्क्रीनवर वाकला. साडेसहाशे घेतले.

पाचपैकी तीन. नंबर छापला तर साडेतीन.