जुनं कॅबिनेट की सुपरगन?

जळगावात जुना आर्केड बोर्ड, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमचा सर्किट बोर्ड, घरी चालवायचा तर दोन वाटा. भंगारातून आख्खं कॅबिनेट, म्हणजे अशा गेमची उभी पेटी, उचललं, तर पडदा, जॉयस्टिक, वायरिंग सगळं जागेवर. १९८५च्या जामा पद्धतीचा (आर्केड बोर्ड जोडायची ठरलेली जपानी पद्धत) ५६ पिनांचा कनेक्टर बोर्डाच्या कडेवर बसवला की खेळ सुरू. तो पडदा, ती बटणं, मजा वेगळीच! पण धूड जिन्यातून वर चढत नाही.

दुसरी वाट सुपरगन, म्हणजे बोर्ड घरच्या टीव्हीला जोडणारी छोटी पेटी. ती टेबलावर मावते, म्हणून दोन खोल्यांच्या घरात मी तीच घेईन. मात्र तिचा आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळा पाठवणारा) सिग्नल आपल्याकडच्या बहुतेक पिक्चर ट्यूबच्या टीव्हींना थेट चालत नाही. मध्ये तो सिग्नल टीव्हीच्या कंपोनंट इनपुटला चालेल असा बदलणारा कंपोनंट कन्व्हर्टर लागतो.

पॉवर सप्लाय जुना असेल तर आधी मल्टिमीटर लावा. माझा ५ व्होल्टऐवजी ५.६ देत होता. जोडण्याआधी पाहिलं म्हणून बोर्ड वाचला. आणि आपल्या मे महिन्यात बोर्डावर पंखा हवाच.