स्वभाव सांगणारा हेडबँड: पाचपैकी दोन तारे

चुकल्यावर मेंदू काय करतो त्यावरून स्वभाव सांगू, असा या हेडबँडचा दावा. भाच्याने मागवला आणि घरात सगळ्यांच्या कपाळाला लागला. मी मुद्रितशोधक, चुकांवरच पोट. त्यामुळे उत्सुकता होतीच.

खेळ झकास आहे. ओळीत पाच बाण येतात, मधल्याची दिशा झटकन सांगायची. चुकीचं बटण दाबलं की सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत मेंदूत एक ऋण (निगेटिव्ह) विद्युत लहर उमटते, हे खरंच. १९९० च्या सुमारास जर्मनी आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी ती टिपली. काळजीखोर माणसांत ती सरासरीने मोठी असते, हेही खरं. पण ती ठळक दिसते डोक्याच्या वर, मध्यभागी. आणि यांचे सेन्सर कपाळावर! तिथे पापणी लवली तरी आलेख उसळतो. शिवाय बऱ्याच चुकांची सरासरी काढल्याशिवाय लहर नीट दिसत नाही. हे दोन मिनिटांत निकाल देऊन मोकळे.

माझा निकाल ‘बेफिकीर’. घरात हशा पिकला. सासूबाई ‘चिंतातुर’ निघाल्या. त्या बटण दाबता दाबता मालिका बघत होत्या.

पट्टा मऊ आहे, बॅटरी टिकते. सविस्तर अहवालाचे वेगळे पैसे मात्र भरू नका.