शिरेतून की त्वचेखालून?

अँटिबॉडी (जंतूंना अडवणारी प्रथिनं) बनवणाऱ्या बी पेशींमध्ये दोष असला तरी रोगप्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या फळीतल्या टी पेशी बऱ्याचशा विषाणूंना आवर घालतात. ठळक अपवाद एन्टेरोव्हायरसचा (पोलिओचा विषाणू याच गटातला). त्याला रोखायला अँटिबॉडीच लागतात, नाहीतर तो मेंदूत शिरून ठाण मांडू शकतो. म्हणून अँटिबॉडी जवळजवळ नसलेल्या मुलांना तोंडावाटे दिली जाणारी जिवंत पोलिओ लस वर्ज्य, आणि इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून मिळवलेल्या अँटिबॉडी) बहुधा जन्मभराचं. ते कोणत्या वाटेने घ्यायचं, हा खरा पेच.

शिरेतून घेतलं तर 3-4 आठवड्यांतून एकदाच काही तास सलाइन लावून पडायचं. सुटसुटीत वाटतं. पण त्यातल्या आयजीजी या मुख्य अँटिबॉडीचं अर्धायुष्य (पातळी निम्मी व्हायला लागणारा काळ) सुमारे 3 आठवडे. पातळी एकदम चढते, मग घसरत जाते, आणि पुढच्या डोसाआधीचे दिवस अनेकांना गळून गेल्यासारखे जातात. डोकेदुखी, थंडी-तापही याच वाटेने जास्त.

त्वचेखालून घ्यायचं तर घरीच, साधारण दर आठवड्याला, छोट्या पंपाने पोटावर किंवा मांडीवर. टोचल्या जागी सूज येते, पण पातळी स्थिर राहते आणि शीर शोधायची कटकट नाही. (1952 साली अमेरिकी बालरोगतज्ज्ञ ब्रुटन यांनी अँटिबॉडी नसलेल्या आपल्या बालरुग्णाला त्वचेखालूनच दिलं होतं, म्हणजे ही वाट जुनीच.) स्वतःला सुई टोचायला हात धजावत असेल, तर माझा कल इकडे. मात्र मेंदूत संसर्ग झालाच, तर मोठी मात्रा झटपट द्यायला शीरच बरी.

उलट्या-जुलाब घडवणाऱ्या, आतड्यातल्या नोरोव्हायरसपुढे दोन्ही तोकडे: आतड्याच्या अस्तरावर पहारा देणारी आयजीए ही अँटिबॉडी यांतून मिळतच नाही.