लस घेतल्यावर खांदा धरला: अमेरिकेत भरपाई कुठे मागायची?

लशीनंतर दंड दोन दिवस दुखतो, ते चालायचंच. पण हात वर जात नाही, शर्ट चढवताना कळ येते आणि महिने उलटले तरी उतार नाही, तर सुई दंडाच्या स्नायूऐवजी वर, सांध्यापाशी गेली असू शकते. अमेरिकेत या दुखापतीला ‘सिर्वा’ म्हणतात. भरपाई कुठून मिळेल हे लशीच्या नावावर ठरतं. म्हणून वकील गाठण्याआधी फार्मसीचा कागद शोधा.

फ्लू, धनुर्वात, हिपॅटायटिस बी वगैरे असेल तर व्हीआयसीपी, म्हणजे लशीने झालेल्या दुखापतीची भरपाई देणारी १९८६ च्या कायद्याची सरकारी योजना. थेट फार्मसीला कोर्टात खेचण्याआधी इथे यावंच लागतं. दावा वॉशिंग्टनच्या कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्ये, आरोग्यमंत्र्यांविरुद्ध. कुणाचा हलगर्जीपणा सिद्ध करायची गरज नाही. सिर्वा २०१७ पासून योजनेच्या दुखापतींच्या अधिकृत तक्त्यात आहे. त्याच्या अटी: खांद्याचं जुनं दुखणं नको, वेदना ४८ तासांत सुरू झालेली हवी, त्रास त्याच खांद्यापुरता हवा आणि दुसरं कारण नको. शिवाय तो सहा महिन्यांहून जास्त टिकलेला हवा, किंवा रुग्णालयात दाखल होऊन शस्त्रक्रिया झालेली हवी. मुदत पहिल्या लक्षणापासून तीन वर्षं. वेदनांपोटी जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर. उपचारखर्च आणि बुडालेला पगार वेगळा. दावा साधार असेल तर हरलात तरी वकिलाची फी योजनाच देते. टक्केवारी मागणारा वकील भेटला तर सरळ उठून या. नागरिकत्वाची अट नाही. मुलांकडे आलेल्या आई-बाबांनी लस तिथेच घेतली असली की पुरे.

कोविडची लस असेल तर सीआयसीपी, ही आणीबाणीतल्या लशी-औषधांसाठीची वेगळी सरकारी योजना, आणि इथे सरकारचा हात फारच आखडता. लस घेतल्यापासून एकच वर्ष मुदत, न्यायाधीश नाही, वकिलाचा खर्च आपला, वेदनांसाठी छदाम नाही. विम्याने न दिलेला खर्च आणि बुडालेलं वेतन, तेही दुखापत गंभीर ठरली तर.

नागिणीची लस दोन्हीकडे बसत नाही. मग राज्याच्या न्यायालयात निष्काळजीपणाचा नेहमीचा दावा. टोचणाऱ्याची चूक तुम्हीच सिद्ध करायची.

फ्लू आणि कोविड एकाच दिवशी घेत असाल तर वेगवेगळ्या दंडांत घ्या आणि कोणती कुठे टोचली हे लिहून मागा. एकाच दंडात घेतल्या तर कोणत्या सुईने बिघडलं यावरूनच वाद होतो.

व्हीआयसीपीत सगळ्यात जड पुरावा म्हणजे डॉक्टरांची पहिली नोंद. आपली माणसं शेक घेत महिने काढतात आणि मग ‘थोडंसं दुखतंय’ म्हणतात. कागदावर तेवढंच उमटतं. लस कोणत्या तारखेला, कोणत्या हातात घेतली आणि दुखणं त्याच रात्री सुरू झालं का, हे पहिल्याच भेटीत सांगा आणि लिहिलंय ना, तेही बघा.