‘स्टार वॉर्स’ पहिल्यांदा बघताय? सुरुवात चौथ्या भागापासून करा

ॲपवर ‘स्टार वॉर्स’ शोधलं की भाग १, भाग २, भाग ३ असे ओळीनं समोर येतात आणि नवा प्रेक्षक साहजिकच पहिल्यावर बोट ठेवतो. तिथंच गडबड होते. ज्यावर भाग १ लिहिलंय तो चित्रपट १९९९ साली आला. मालिकेतला खरा पहिला चित्रपट म्हणजे भाग ४, तो अमेरिकेत २५ मे १९७७ ला लागला. पाठोपाठ १९८० आणि १९८३ मध्ये भाग ५ आणि ६ आले. मालिकेच्या जनकानं, जॉर्ज लुकासनं, मूळ गोष्ट या तिघांत पुरी केली आणि त्याआधी काय घडलं ते सोळा वर्षांनी सांगायला घेतलं. भाग १ ते ३ बनवताना प्रेक्षकाला शेवट ठाऊक आहे हे गृहीतच धरलेलं आहे. भाग ५ मध्ये एक गुपित फुटतं, सगळ्या मालिकेचा तोल त्यावर आहे. आकड्यांच्या क्रमानं गेलात तर ते भाग ३ मध्येच उघडं पडतं आणि भाग ५ चा तो प्रसंग कोरडा जातो. म्हणून क्रम असा: ४, ५, ६, मग १, २, ३. पुढचं नंतर ठरवा.

काही जाणकार ४, ५, मग २, ३ आणि सगळ्यात शेवटी ६ असं सुचवतात. त्यात तथ्य आहे, कारण गुपित फुटल्याबरोबर त्याची मागची हकीकत कळते आणि शेवटही शेवटालाच राहतो. पण हा क्रम दुसऱ्या वेळेसाठी ठेवा. १९८० चा भाग ५ हातानं घडवलेल्या प्रतिकृतींवर उभा आहे, २००२ चा भाग २ डिजिटल कॅमेऱ्यावर घेतलेला आणि संगणकानं भरलेला. एकाला लागून दुसरा पाहिला की डोळ्याला खटकतं.

गावातल्या प्रेक्षकाला हे जमेल का, भाषा परकी, यानं परकी, अशी शंका घेतली जाते. भाग ४ ची सुरुवात नीट पाहिली तर ती शंका राहत नाही. नायक ल्यूक हा शेतकऱ्याच्या घरात वाढलेला पोरगा आहे. ग्रह सगळा वाळवंटी, काकाचं वावर म्हणजे हवेतला ओलावा खेचून पाणी काढणाऱ्या यंत्रांची रांग. पोराला बाहेर शिकायला जायचंय; ओवेन काका म्हणतो, हंगामाच्या वेळेलाच तर मला तुझी गरज असते, आणखी एक हंगाम थांब. पोरगा जेवण टाकून उठतो आणि बाहेर जाऊन मावळणाऱ्या दोन सूर्यांकडे बघत उभा राहतो. यवतमाळ-वाशिमकडच्या कोरडवाहू शेतीच्या घरात हा प्रसंग कुणाला समजावून द्यावा लागत नाही. जॉन विल्यम्सचं संगीत इथं पहिल्यांदा पूर्ण उंचीवर जातं, तेव्हा या दोन मिनिटांत कुणाला पाणी आणायला पाठवू नका.

त्याआधी दोन अडचणी आहेत. पहिली, सुरुवातीला पडद्यावर खालून वर सरकत जाणारा पिवळ्या अक्षरांचा इंग्रजी मजकूर. तीन परिच्छेद, सुमारे दीड मिनिट, आणि तो चुकला तर पुढचा पाऊण तास कोण कुणाच्या मागं लागलंय ते कळत नाही. भाग ४ साठी एवढं आधी सांगून ठेवा: आकाशगंगेत साम्राज्याविरुद्ध बंड पेटलंय, बंडखोरांना पहिला विजय मिळालाय, त्यांच्या हेरांनी ‘डेथ स्टार’ नावाच्या ग्रह फोडणाऱ्या तळाचे नकाशे पळवलेत आणि राजकन्या लेया ते घेऊन घरी निघालीय. प्रत्येक भागाच्या आधी एखाद्या कॉलेजच्या पोट्ट्यानं हा मजकूर वाचून मराठीत सांगावा, त्यासाठी चित्रपट तिथं थांबवला तरी काही बिघडत नाही.

दुसरी अडचण म्हणजे पहिला पाव तास. ल्यूक तोवर दिसतच नाही. दोन यंत्रमानव वाळवंटात भटकत राहतात, त्यातला एक नुसत्या शिट्ट्या मारतो. ही रचना लुकासनं जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाच्या १९५८ च्या ‘द हिडन फोर्ट्रेस’ या चित्रपटावरून घेतली. तिथं मोठ्यांचं युद्ध दोन गरीब शेतकऱ्यांच्या नजरेतून दिसतं, इथं दोन यंत्रांच्या. हे आधी सांगितलं की लोक कंटाळत नाहीत, त्या दोघांच्या भांडणात रमतात.

भाषेचं आधीच तपासा. मालिका आता डिस्नेच्या मालकीची आहे, त्यामुळे आपल्याकडे ती जिओहॉटस्टारवर शोधायची. एका भागाला हिंदी आवाज दिसला म्हणून दुसऱ्यालाही असेलच असं धरू नका. प्रत्येक भागाची भाषांची यादी वेगळी उघडून पाहा. म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतील तर हिंदी घ्या. वाचू शकणारी मंडळी असतील तर मूळ इंग्रजी आणि खाली अक्षरं, कारण खलनायक डार्थ व्हेडरचा आवाज. अंगानं डेव्हिड प्राऊझ, आवाजानं जेम्स अर्ल जोन्स, आणि त्या आवाजाचा दरारा दुसऱ्या कुणाच्या गळ्यातून येत नाही. ग्रीडो, जब्बा असली पात्रं परग्रहाची भाषा बोलतात आणि त्याचा अर्थ इंग्रजी अक्षरांत येतो. तेवढं कुणीतरी वाचून सांगावं लागतं.

आता डेटाचा हिशोब. चित्र २ एमबीपीएसनं येत असेल तर तासाला ०.९ जीबी, म्हणजे १२१ मिनिटांच्या भाग ४ ला सुमारे १.८ जीबी. ५ एमबीपीएसला हाच आकडा साडेचार जीबी होतो. टीव्हीवरचं ॲप मोकळं सोडलं की ते मिळेल तेवढी वरची प्रत घेतं आणि दीड-दोन जीबीचं रोजचं पॅक मध्यंतराच्या आधीच संपतं. त्यामुळे प्रत हातानं खाली आणा. पॅकचा दिवस मध्यरात्री बदलतो. रात्री अकराला सुरू केलं तर पहिला तास आजच्या कोट्यातून जातो, दुसरा उद्याच्या.

फोनवर उतरवून ठेवलेला चित्रपट प्रोजेक्टरवर दाखवायचा बेत सहसा फसतो. ॲप नक्कल रोखण्यासाठी स्क्रीन बाहेर पाठवू देत नाही, आवाज येतो आणि चित्र काळं राहतं. केबल लावूनही स्वस्त फोनमधून चित्र बाहेर पडत नाही, कारण त्यांच्या यूएसबी पोर्टात ती सोयच नसते. दोघंतिघं असाल तर टॅब्लेटवर उतरवून पाहा. घरभर माणसं असतील तर टीव्हीला स्ट्रीमिंग स्टिक लावा आणि फोनचं हॉटस्पॉट द्या. हे वर्गणी घेतलेल्या घरापुरतं; चावडीवर किंवा शाळेत सार्वजनिक खेळ लावायचा तर हक्कदारांची परवानगी लागते.

वीज जाणार हे धरूनच बसा. १५० एएच, १२ व्होल्टच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॉट-तास असतात. बॅटरी जपायची तर निम्मे वापरायचे, इन्व्हर्टरची घट वजा केली की हाती सातशेच्या आसपास उरतात. ३२ इंची टीव्ही, स्टिक आणि स्पीकर मिळून शंभर वॉट धरले तर सात तास निघतात. त्यावरच कूलर चढवला की भार तीनशेच्या घरात जातो आणि दोन-सव्वादोन तासांत सगळं बंद पडतं. बॅटरी जुनी असेल तर त्याच्याही आधी. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर स्पीकर गुणगुणतो, तो दोष स्पीकरचा नाही. साइन वेव्ह असेल तर आवाज स्वच्छ येतो.

मे महिन्यात ४४-४५ अंशांत कूलर बंद ठेवा असं कुणी सांगू शकत नाही. पण कूलरचा पंखा आणि पाण्याचा आवाज मिळून संवाद गिळतात. खोली संध्याकाळीच गार करून घ्या, चित्रपटात पंखा कमी वेगावर ठेवा. आवाज वाढवून हे सुटत नाही, कारण या चित्रपटांत कुजबुज आणि स्फोट यांत फार अंतर आहे. सहा वाहिन्यांचा आवाज दोन स्पीकरांत कोंबला की संवाद आणखी दबतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज ‘स्टिरिओ’ करा, ‘नाइट मोड’ किंवा संवाद स्पष्ट करणारी सोय असेल तर चालू करा. लग्नातले डीजेचे बॉक्स आणले तर बास पार खाली घ्या. ब्लूटूथ स्पीकरवर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, तिथं साधी ऑक्स वायर बरी.

आवाजावर एवढं लिहायचं कारण ही मालिका निम्मी कानांनी पाहायची आहे. चित्रपटांचे आवाज घडवणाऱ्या बेन बर्टनं प्रकाशतलवारीचा गुंजारव जुन्या प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर आणि टीव्हीच्या नळीची खरखर मिसळून बनवला. व्हेडरचा श्वास पाणबुड्याच्या श्वासयंत्रातून काढला. शत्रूच्या लढाऊ यानांच्या किंकाळीत हत्तीचा चीत्कार आहे. मुलांना हे सांगा आणि पुढच्या वेळी ओळखायला लावा. १९७७ च्या चित्रपटाला सहा ऑस्कर मिळाले, आणि बर्टला परग्रहवासी, प्राणी आणि यंत्रमानव यांच्या आवाजांसाठी खास पुरस्कार वेगळा.

अंधार पूर्ण हवा. अवकाशाचा काळा रंग, भाग ५ मधली दलदल आणि गोठवण्याची खोली हे सगळं ट्यूबलाइटच्या उजेडात करडं होऊन जातं. प्रोजेक्टर असेल तर एकेरी चादर लावू नका, उजेड तिच्यातून आरपार निघून जातो. चुना दिलेली गुळगुळीत भिंत उत्तम, नाहीतर चादर दुहेरी करून ताणून बांधा. पावसाळ्यात अंगणात बसू नका, प्रोजेक्टरच्या झोतावर पाखरं तुटून पडतात आणि भिंगाला चिकटतात.

जी प्रत आज मिळते ती १९७७ ची जशीच्या तशी नाही, हे माहीत असू द्या. १९९७ मध्ये लुकासनं संगणकी प्राणी आणि एक अख्खा जब्बाचा प्रसंग घातला, २००४ मध्ये आणखी बदल केले. भाग ४ मध्ये गावात शिरताना अचानक पडदाभर प्राणी आडवे जातात, ते नंतरचे आहेत आणि तेच जास्त जुने वाटतात. मूळ यानं मात्र अजून खरी दिसतात. दृश्यपरिणाम करणाऱ्या जॉन डायक्स्ट्राच्या चमूनं यानाची प्रतिकृती जागेवर ठेवून संगणकाच्या हुकमावर कॅमेराच तिच्याभोवती फिरवला, एकच हालचाल पुन्हा पुन्हा तंतोतंत करता यायची, आणि ते थर एकमेकांवर चढवले.

पोरं प्रश्न विचारतील. दोन सूर्यांचा ग्रह असू शकतो का? असतो, केपलर-१६बी हा तसा ग्रह २०११ मध्ये जाहीर झाला. अवकाशात स्फोटाचा आवाज येतो का? नाही, हवाच नाही. यान चालवणारा हान सोलो आपलं यान किती वेगवान ते सांगताना ‘बारा पार्सेक’ची बढाई मारतो तेव्हा ते वेळेचं माप नाही, अंतराचं आहे, एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं.

भाग ४, ५ आणि ६ मिळून सव्वासहा तास होतात. झाडीपट्टीत रात्रभर नाटक पाहणाऱ्याला ते एका बैठकीत जमतील, पण तसं करू नका. भाग ५ अर्ध्यावर सोडून संपतो. तो संपल्यावर किमान एक रात्र मधे जाऊ द्या, घरात वाद होऊ द्या, मग भाग ६ लावा. आम्ही पैजेवर सांगू, भाग ५ हा सगळ्यांत सरस आहे. भाग ६ चा जंगलातला अस्वलांसारख्या बुटक्यांचा पसारा लांबलाय, मात्र सम्राटासमोरचा बाप-लेकाच्या नात्याचा शेवट भरून पावतो.

भाग १ मध्ये व्यापारी मार्गांच्या कराचा तंटा डोक्यावरून जातो. रथांची शर्यत आणि शेवटचं तलवारयुद्ध यांच्यासाठी पाहा. भाग २ मधले प्रेमाचे संवाद लाकडी आहेत. भाग ३ चांगला आहे, पण आधीच्या पाचांना अमेरिकेत ‘पीजी’ (पालकांच्या सल्ल्यानं पाहा) असताना याला ‘पीजी-१३’ (तेरा वर्षांखालच्यांबाबत जास्त सावध राहा) मिळालं. हातपाय तुटणं आणि जिवंत जळणं दिसतं, दहा वर्षांखालच्यांना आधी झोपवा. ‘रोग वन’ (२०१६) या सहांनंतर घ्या, नकाशे कसे पळवले त्याची गोष्ट आहे आणि ती भाग ४ च्या तोंडाशी येऊन थांबते.

२०१५, २०१७ आणि २०१९ चे भाग ७, ८, ९ मिळून सव्वासात तासांच्या आसपास. ७ हा ४ चीच चौकट पुन्हा वापरतो, तरी वेगवान आहे. ८ त्या चौकटीशी भांडतो, म्हणून आम्हाला आवडतो. ९ मध्ये ८ नं उघडलेली दारं घाईघाईनं बंद केली आहेत. लेयाचं काम करणारी कॅरी फिशर डिसेंबर २०१६ मध्ये वारली. आधीच्या चित्रीकरणातले न वापरलेले तुकडे जोडून तिला ९ मध्ये आणलं आहे. तेवढ्यासाठी १४२ मिनिटं द्यायची की नाही, ते ८ पाहून झाल्यावर ठरवा.